सरांना पूल ओलांडता येईना

भित्र्या माणसांचा आमच्या सरांना मनापासून तिटकारा. सर म्हणजे माझा नवरा. निम्म्या शहराला गाडी त्यांनी शिकवली, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. लग्नानंतर वर्षभरात मीही सर म्हणायला लागले, कारण घरातही त्यांचा वर्ग सुरूच असायचा. दार कसं लावायचं, चहात साखर कधी घालायची, कुणाशी किती बोलायचं. त्यांच्या गाडीच्या शाळेच्या ऑफिसात फोन घेणं, शिकणाऱ्यांच्या वेळा लावून देणं आणि रडणाऱ्यांना पाणी देणं ही माझी कामं. यातलं तिसरं सगळ्यात जास्त.

सरांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. शेजारी बसायचं आणि समोरच्या रस्त्याकडे न बघता शिकणाऱ्याच्या पायाकडे बघायचं. पाय थरथरताना दिसला की विचारायचं, "काय हो, थंडी वाजतेय का? ब्लँकेट आणू?" मग तो बिचारा कसनुसा हसायचा, गाडी बंद पाडायचा, मागून हॉर्न सुरू व्हायचे आणि सर खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना सांगायचे, "जरा थांबा, साहेबांना भीती वाटतेय." मलाही त्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी भर चौकात मी गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. तेव्हापासून मी बसने फिरते आणि आमचा संसार टिकून आहे.

"भीती वगैरे काही नसतं," सर म्हणायचे. "लाड असतात." पेपरच्या पुरवणीत मनाच्या आजारांवर काही छापून आलं की ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे, रडक्या आवाजात, मधे मधे नाक ओढत. "आता मनालाही सर्दी होते म्हणे! आमच्या वेळी मन नव्हतंच, बरं होतं." आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे. मी कपाट आवरत असायचे. अशा माणसासमोर कपाट आवरण्यासारखं दुसरं चांगलं काम नाही.

आमची शाळा खाडीच्या अलीकडे आणि लायसन्सची परीक्षा घेतात ते मैदान पलीकडे. मधे पूल. लांब आणि उंच, मधोमध गेलं की दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. सरांनी त्या पुलावरून किती वेळा गाडी नेली असेल ते तेही सांगू शकणार नाहीत. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने पुलाखालच्या होड्या दाखवायच्या, असा त्यांचा थाट.

एक दिवस दुपारी ते परीक्षेच्या मैदानावरून एकटे परत येत होते. त्या दिवशी नेलेले सगळे जण पास झाले होते, म्हणजे मूडही चांगला. पुलाच्या मधे आले आणि त्यांच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. बोटं बधिर. तोंडाला कोरड. रस्ता एका बाजूला कलतोय असं वाटायला लागलं आणि मनात एकच गोष्ट, की आता मी मरणार, नाहीतर माझ्याच हाताने गाडी कठड्यावर घालणार. कसेबसे ते खाली उतरले, टायरच्या दुकानासमोर गाडी आडवी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. टायरवाल्याने गाडीच्या दारावरचा शाळेचा नंबर बघून मला फोन केला. "तुमच्या सरांना काहीतरी झालंय, लवकर या."

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. सर पलंगावर डोळे मिटून, एखाद्या शहिदासारखे पडून होते. तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "चांगली बातमी आहे. हृदयाला काहीही झालेलं नाही."

सरांनी डोळे उघडले. त्यांना ही बातमी मुळीच चांगली वाटली नाही.

"मग मला झालं काय?"

"पॅनिक अटॅक. एकदम, जोरात भीतीचा झटका येतो. छाती धडधडते, श्वास कमी पडतो, मरतोय असं वाटतं. खूप लोकांना होतो."

"म्हणजे मी नाटक केलं?"

"नाही हो. त्रास खराच असतो. गाडीचा हॉर्न कधी कधी अडकून बसतो ना? समोर कुणी नसतं, तरी वाजतच राहतो. तसं समजा. हॉर्न खरा, आवाज खरा, समोर मात्र काही नाही." डॉक्टरने कागदावर एक नाव लिहून दिलं. "या समुपदेशक आहेत. यांना भेटा. लवकर भेटलात तर लवकर सुटाल."

सरांनी कागदाची नीट घडी घातली आणि बाहेर पडताना, सगळ्यांच्या देखत, कचऱ्याच्या डब्यात टाकली. नाव मी तोवर वाचून घेतलं होतं. हृदयविकार निघाला असता तर त्यांनी तो वर्षभर मिरवला असता. येणाऱ्या-जाणाऱ्याला शर्ट वर करून दाखवला असता. भीती निघाली, म्हणून घरी आल्यावर ती ॲसिडिटी झाली.

संध्याकाळी नणंदबाई धावत आल्या. सरांच्या धाकट्या बहिणीला जगातल्या सगळ्या आजारांवरचा उपाय माहीत आहे, फक्त आजार कुठला ते ऐकून घ्यायला वेळ नसतो. "दादाला काय होणार? दादा लोखंड आहे लोखंड," त्या म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन कुजबुजल्या, "वहिनी, ते मनाचं बिनाचं कुठे बोलू नकोस हं. गाडीच्या शाळेत कोण येईल मग? त्याला सांग, सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी आनंदी आहे, मी आनंदी आहे. मी रोज म्हणते." त्या रोज म्हणतात हे खरं आहे. त्याचा उपयोग किती होतो ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

लोखंड दुसऱ्या दिवशी कामाला गेलं. पण पुलावर गेलं नाही.

खाडीला वळसा घालून एक जुना रस्ता जातो. खड्ड्यांचा, ट्रकच्या धुळीचा, पुलाच्या कितीतरी पट लांब. परीक्षेच्या दिवशी सर शिकणाऱ्यांना त्या रस्त्याने न्यायला लागले. कुणी विचारलं की म्हणायचे, पुलावर काम चालू आहे. पुलावर कुठलंही काम चालू नव्हतं हे लोकांच्या लक्षात आलं तेव्हा सरांनी नवा सिद्धांत काढला. "पुलावरून कुणीही गाडी नेतो. सरळच तर जायचं असतं. खरा ड्रायव्हर वळणावर कळतो." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की समोरच्याला आपण आयुष्यभर पुलावरून जात आलो याची लाज वाटावी.

मग पुलाचं लोण पसरलं. बाजारातल्या उड्डाणपुलाखालून जायचे, वरून नाही. मग दुकानांच्या तळघरातलं पार्किंग नको झालं. मग सिग्नलला दोन्ही बाजूंना बस उभ्या राहिल्या की घाम फुटायला लागला. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, दाराच्या खणात पाण्याची बाटली, मांडीवर ओला रुमाल. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरने सांगितलेल्या बाईंकडे जाऊ या का?" तर म्हणाले, "तुझ्यासारख्या बायकांना वेळ जात नाही, त्या जातात तिथे." मी दिवसभर त्यांच्याच शाळेचे फोन उचलत होते. पण असो.

त्या सुमारास शाळेत चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई शिकायला यायची. तिशीतली, कमी बोलणारी. तिचा पाय थरथरत नसे, त्यामुळे सरांना तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि सरांनी ज्यांच्याबद्दल काही बोलायचं टाळलं असे शिकणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. दुकानवाले खाडीच्या पलीकडे नवं दुकान उघडणार होते आणि ते तिच्या हाती देणार होते. सामान ने-आण करायला गाडी चालवता येणं गरजेचं होतं. परीक्षेची तारीख ठरली.

नेमका त्याच दिवशी वळशाचा रस्ता बंद. पाण्याचा मोठा पाइप फुटून रस्ता खचला होता. सरांनी परीक्षाच रद्द करायचा प्रयत्न केला. "आज मुहूर्त बरा नाही," असंही म्हणून बघितलं, आणि हा माणूस मुहूर्त बघणाऱ्यांना जन्मभर हसत आलेला. बाई शांतपणे म्हणाली, "सर, मी सुट्टी काढलीय." मग काय करणार, निघाले. गाडी ती चालवत होती, सर शेजारी. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे इथे सांगून ठेवते.

पुलाच्या मधोमध गाडी खाडकन थांबली. मागच्या बसने कशीबशी बाजूने वाट काढली, पण तिच्या मागच्या गाडीने येऊन आमच्या गाडीचा मागचा दिवा फोडला. हॉर्न, आरडाओरडा, शिव्या. वाहतूक पोलीस आला. "काय झालं?"

आणि माझा नवरा, निम्म्या शहराचा सर, म्हणाला, "बाई घाबरल्या. ब्रेक मारला."

परीक्षा हुकली. दोन दिवसांनी तिचा नवरा ऑफिसात आला. मी तिथेच होते. सर खुर्चीत मागे रेलून त्याला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. काही लोकांच्या हातात स्टिअरिंग द्यायचंच नसतं. प्रत्येकाला सगळं जमतं असं नाही." नवरा मान डोलावत होता. बायकोला काही जमत नाही हे ऐकायला त्याला फारसा त्रास झाल्यासारखा दिसला नाही. "मी तिला सांगतच होतो," असं म्हणून तो गेला.

त्यानंतर एका दुपारी ती स्वतः आली, जेवणाच्या सुट्टीत. सर बाहेर होते. दारात उभी राहूनच म्हणाली, "मॅडम, ब्रेक मी मारला नव्हता."

"बस ना."

"बसायला वेळ नाही. सर पांढरेफटक पडले होते. मी विचारलं, सर, पाणी देऊ का? तर आई गं, आई गं करत होते. मग त्यांनीच पाय दाबला. मला वाटलं, त्यांना काहीतरी मोठं झालंय. पोलीस आला तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. आणि ते असं बोलले." तिचा आवाज चढला नाही. "मला त्यांची बदनामी करायची नाही. पण घरी आता मला गाडीच काय, सायकलही चालवू देणार नाहीत. दुकान दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. मी भित्री नाही, मॅडम. एवढं फक्त कुणीतरी माझ्या घरी सांगायला पाहिजे."

मी तिला म्हटलं, सांगेल कुणीतरी. कोण सांगेल ते मला माहीत होतं.

सर घरी आले, बूट काढले, चहा मागितला. मी चहा ठेवला नाही.

"पुलावर ब्रेक कुणी मारला?"

"कुणी म्हणजे? तिने."

"तिच्या पायाखालचा की तुमच्या पायाखालचा?"

त्यांनी पेपर उचलला. उलटा धरला होता.

"तुमच्या पायाखालचा," मी म्हटलं. "आणि मग तिच्या नवऱ्याला ऑफिसात बसवून तुम्ही प्रवचन दिलंत. काही लोकांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नसतं म्हणे. ऐकताना मला वाटलं, खरंच आहे."

"हळू बोल."

"का? शेजाऱ्यांना कळेल?"

"कळेलच की!" पेपर खाली आपटला. "मग कोण येईल माझ्याकडे? पुलावर आई गं करणाऱ्या मास्तरकडे कोण पाठवेल आपल्या बायका-मुलांना?"

"म्हणून तिला भित्री ठरवलंत. तिचं दुकान गेलं. तुमची इज्जत राहिली. छान."

त्यांनी आपटलेला पेपर उचलून त्याची घडी घातली. मग पायांकडे बघत म्हणाले, "मला वाटतं मी मरतोय. दर वेळी. आता हॉर्न अडकलाय, समोर काही नाही, हे पाठ झालंय मला. तरी दर वेळी वाटतं, या वेळी खरंच." आवाज बारीक झाला होता. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मला त्यांची दया आली. पण राग दयेच्या आधीपासून रांगेत उभा होता, त्याचा नंबर पहिला लागला. "उद्या तिच्या घरी जायचं," मी म्हटलं. "आणि परवा त्या समुपदेशक बाईंकडे. दोन्हीतलं एकही चुकलं तर ऑफिसचा फोन तुम्ही उचलायचा. आणि जो विचारेल त्याला पुलाचं काम कुठवर आलं तेही तुम्हीच सांगायचं."

चष्म्याच्या दुकानातल्या बाईच्या घरी आम्ही सोफ्याच्या काठावर बसलो. नवरा समोर, सासू दाराशी, ती पाण्याचा ट्रे घेऊन उभी. सरांनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, की त्या दिवशी गाडीत थोडा तांत्रिक बिघाड..." मी खोकले. "म्हणजे गाडीत नाही." परत घसा साफ केला. "ब्रेक मी मारला. मला पुलावर त्रास होतो. छाती भरून येते, हातपाय गळतात. यांनी गाडी अगदी नीट चालवली होती. चूक माझी. आणि मी खोटं बोललो."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "म्हणजे सर, तुम्हाला भीती वाटते?"

सरांनी ट्रेमधला ग्लास उचलून घोटभर पाणी घेतलं.

"सर, मी पण तुमच्याकडेच शिकलोय. आठवत नसेल तुम्हाला. तुम्ही भर रस्त्यात मला ब्लँकेट आणू का म्हणाला होतात!" आणि तो मांडीवर थाप मारून हसायला लागला. सरांचे कान लालबुंद झाले. मला वाटलं, हे आता उठून जाणार. बसून राहिले. त्या माणसाचं हसणं मला बघवत नव्हतं, पण हसायचा हक्क त्याला सरांनीच मिळवून दिला होता.

तिला मात्र हसू आलं नाही. तिने ट्रे खाली ठेवला आणि सासूकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना?" सासूने मान हलवली. मग ती सरांना म्हणाली, "मी उरलेलं शिक्षण पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत करणार आहे. त्यांना माझी फाइल पाठवून द्या." माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं? पुढे तिला लायसन्स मिळालं. नवं दुकान तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं. तिने जुनं दुकानच सोडलं आणि दुसरीकडे लागली, असं कानावर आलं.

समुपदेशक बाईंची खोली दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खालून ड्रिलचा आवाज यायचा. सरांनी जिना चढतानाच ठरवून टाकलं होतं. "दातवाल्याच्या माडीवर बसणारी कालची पोर मला काय शिकवणार?"

पोर पस्तिशीची तरी असेल. तिने आधी सरांना सगळं बोलू दिलं. मग विचारलं, "घाबरलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही कसं शिकवता?"

"ओरडून."

"शिकतात?"

"सगळे."

"निम्मे पळून जातात," मी कोपऱ्यातून म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "आणि स्वतःला भीती वाटते तेव्हा?"

"स्वतःलाही ओरडतो. शिव्या देतो."

"उपयोग होतो?"

सर पंख्याकडे बघत बसले.

मग तिने समजावून सांगितलं. भीती चढते, चढत चढत टोकाला जाते आणि पळून गेलो नाही तर आपोआप उतरते. शरीराला तेवढा जोर कायम टिकवता येत नाही. पण दर वेळी आपण टोकाच्या आधीच पळतो, म्हणून शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. मग ते पुढच्या वेळी आणखी आधी ओरडतं. वळशाचा रस्ता, रुमाल, पेपरमिंट, सगळ्यांनी मिळून पुलाला राक्षस करून ठेवलंय. आता थोडं थोडं करून तिथे जायचं आणि भीती उतरेपर्यंत थांबायचं. जोडीला तिने एका डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी रोज घ्यायची एक गोळी दिली. ती गोळी सरांनी व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत ओतली, कुणी पाहू नये म्हणून. पाहणारी घरात मी एकटी.

पहिला अभ्यास म्हणजे पुलाच्या तोंडाशी चालत जाऊन उभं राहायचं. मला बरोबर जावं लागायचं. सकाळी फिरायला येणारे लोक विचारायचे, "काय सर, व्यायाम?" सर म्हणायचे, "कठड्याची पाहणी करतोय." मग पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत. मग दुसऱ्या. तिथे उभं राहून त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा, शर्ट पाठीला चिकटायचा, आणि मी तिकडे पाण्याकडे बघत राहायचे, कारण धीर द्यायचा नाही असं बाईंनी मला बजावलं होतं. धीर न देणं मला सोपं गेलं. थोड्या वेळाने त्यांचा श्वास जाग्यावर यायचा आणि ते म्हणायचे, "या खांबाचा रंग काय भिकार दिलाय." म्हणजे उतरली, असं मी समजायचे.

पायी जमलं, मग बस, मग टॅक्सी. टॅक्सीत मागच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांनी ड्रायव्हरला धारेवर धरलं. क्लचवर पाय ठेवून बसू नका, आरसा कशाला लावलाय, भांग पाडायला? गिअर कुणी शिकवला तुम्हाला? पूल संपला तरी यांचं संपलं नव्हतं. उतरताना खूश. "बघ, काही झालं नाही!" ड्रायव्हर मात्र असा बघत होता, की पुढचा झटका त्यालाच येणार.

समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी ड्रायव्हरला नावं ठेवायची नाहीत. मनातसुद्धा नाही."

"का? त्याला येत नाही गाडी चालवता!"

"असेल. पण दुसऱ्याला तुच्छ लेखत असता तेवढा वेळ तुम्हाला तुमची भीती दिसत नाही. ही तुमची मोठी पेपरमिंटची गोळी आहे. बहुतेक पुष्कळ वर्षांची."

जिना उतरताना सर भडकले होते. "काय बाई आहे! श्वास कसा घ्यायचा ते सांगते, इथवर ठीक. आता बोलायचं काय तेही हीच ठरवणार?"  पण त्या बाईबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा खरा आदर वाटला. माझ्या पूर्ण संसारात जे मला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं, ते तिने दाताच्या ड्रिलच्या आवाजात दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

पुढच्या टॅक्सीत सर ओठ दाबून बसले. ड्रायव्हर खरंच वाईट चालवत होता, ते मलाही कळत होतं. सरांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले. पूल सुरू झाला. मधोमध आलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "येतंय." मी म्हटलं, "येऊ दे." त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते पुसत नव्हते. मनगट दुखायला लागलं. ड्रायव्हर कुठलंसं गाणं गुणगुणत होता, त्याला मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. पुलाचा उतार लागायच्या आधीच बोटं सैल झाली. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "गेलं." रडवेल्या आवाजात म्हणाले, आणि त्या वेळी मला त्यांची चेष्टा सुचली नाही.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. जरा बरं वाटल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "झाला ना बरा? मग आता त्या गोळ्या नि त्या बाई कशाला?" आणि लोखंडाने लगेच गोळ्या बंद केल्या, कुणालाही न विचारता. मग चक्कर, चिडचिड, रात्र रात्र कूस बदलणं, आणि पुन्हा वळशाचा रस्ता. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. म्हणाले, गोळी कमी करायची वेळ मी सांगेन, तुमची बहीण नाही. सर परत दातवाल्याच्या माडीवर गेले, परत पहिल्या खांबापासून सुरुवात केली, या वेळी जरा लवकर पुढे सरकले. नणंदबाईंना मी सांगितलं, तुमच्या आरशाला सगळं सांगा, आम्हाला काही सांगू नका. त्या महिनाभर बोलल्या नाहीत. तो महिना फार छान गेला.

आता सर पुलावरून गाडी नेतात. होड्या दाखवत नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. फार मोठे संत झाले असं कुणी समजू नये. सायकलवाले, रिव्हर्स घेताना डोकं बाहेर काढणारे आणि पलीकडच्या गल्लीतली शाळा यांच्याबद्दलचं त्यांचं मत जसंच्या तसं आहे. पण शिकणाऱ्याचा पाय थरथरला तर ब्लँकेटचं विचारत नाहीत. "थरथरू दे," म्हणतात, "क्लच सोडू नकोस म्हणजे झालं." पाण्याचे ग्लास ऑफिसात आता बहुतेक वेळा भरलेलेच राहतात.

परवा फुलांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी परीक्षा देऊन परत आली. पास झाली होती. पुढच्या कागदपत्रांचं विचारायला माझ्या टेबलापाशी आली आणि सहज म्हणाली, "मॅडम, सर आज पुलावर मधेच मला म्हणाले, मला आता थोडा त्रास होणार आहे. तू थांबायचं नाहीस. सरळ चालवत राहा, ब्रेकला मी हात-पाय लावणार नाही."

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलं, इंडिकेटर देऊ का? ते म्हणाले, सरळ जाताना कशाला इंडिकेटर, अक्कल कुठे ठेवलीस? मग मी चालवत राहिले."

"आणि सर?"

"डोळे उघडे ठेवून बसले होते. घाम खूप आला होता त्यांना. पलीकडे गेल्यावर म्हणाले, तिसरा गिअर उशिरा टाकलास."

मी तिला कागद कुठे द्यायचे ते सांगितलं. ती गेली. बाहेर सर दुसऱ्या कुणाला तरी आरसा कसा लावायचा ते समजावत होते, नेहमीच्या चढ्या आवाजात.